धुराड्यातली चांदी

८ सप्टेंबर

सकाळपासून लाईट जाते आणि येते. लाईट गेली की शेजारी खाजामियाँचा जनरेटर सुरू होतो, आणि त्याचं धुराडं थेट माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून ओकत बसतं. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, भाकरीला डिझेलचा वास येतो. त्यांचं म्हणणं असं की सीताफळाचा हंगाम तोंडावर आहे, शीतघर बंद पडलं तर गर नासेल. माझी फुफ्फुसं नासली तर चालतील वाटतं. तहसीलला अर्ज दिला होता. तो योग्य त्या विभागाकडे वर्ग केला आहे असं उत्तर आलं. योग्य तो विभाग कुठला, हे वडवणीत कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही.

आज भिंतीवरून विचारलंच. "खाजामियाँ, हे धुराडं दुसरीकडं वळवता येत नाही का?"

"दुसरीकडं म्हंजे आमच्याच अंगणात, आक्का. तिथं रहेमतबी बाया घेऊन गर काढायला बसती. तिला दमा हाय."

"आणि मी काय लोखंडाची आहे?"

"व्हय की," म्हणाले आणि हसले. समोरचा हसला की माझा राग दुप्पट होतो. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पर्यवेक्षक असताना एकाही सबस्क्रायबरला मी असं हसू दिलं नाही.

१३ सप्टेंबर

रुचिका आली. माझ्या धाकट्या भावाची, बसवराजची नात. संभाजीनगरला केमिस्ट्रीत संशोधन करते. येताना पुठ्ठ्याच्या डब्यात एक वीट घेऊन आली. वीट म्हणजे पांढरी, नारळाएवढी, मधाच्या पोळ्यासारखी आरपार भोकाभोकांची.

"आक्काआजी, इंजिन खूप तापलं की हवेतला नायट्रोजनसुद्धा जळतो. त्यातून जे वायू होतात, तेच तुमचे डोळे चुरचुरवतात. नव्या ट्रकांमध्ये त्यासाठी युरियाचं पाणी फवारतात. आम्ही म्हणतो, युरियाची वेगळी टाकी कशाला? डिझेल तर आहेच. धुराड्यात त्याचेच थोडे थेंब सोडायचे. या विटेवर डिझेल त्या वायूंमधला ऑक्सिजन ओढून घेतं आणि उरतो साधा नायट्रोजन. आपण रोज श्वासात घेतो तो."

"म्हणजे धुरावर आणखी डिझेल ओतायचं? शहाणीच आहेस."

"थेंब, आजी. आणि वीट चांगली गरम पाहिजे. काम डिझेल करतं, पण विटेवरची चांदी ते घडवून आणते."

"चांदी? कुठाय?"

"डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीक पसरलीय. दिसायला लागली तर बिघडली समजायचं."

तिला प्रयोगशाळेबाहेरचा, खराखुरा चालणारा जनरेटर हवा आहे. कुठेच परवानगी मिळेना म्हणून पोरगी रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, हात्तिच्या. जनरेटर शोधायला कुठं जायला नको, तोच खिडकीतून आपल्याला शोधत येतो.

१७ सप्टेंबर

खाजामियाँना तयार करायला मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वेळ लागला. उगाच भांडायची तयारी करून गेले होते.

"चांदीचं धुराडं?" ते म्हणाले. "आक्का, निजामाकडं बी नव्हतं. बसवा, बसवा."

त्यांचा मुलगा फराज मिस्त्रीकाम करतो. त्याने धुराडं कापून मध्ये लोखंडी पेटी जोडली, पेटीत वीट. रुचिकाने वायू मोजायचं यंत्र लावलं. खाजामियाँची बायको रहेमतबी ओट्यावर बसून बघत होती. म्हणाली, "पोरीला चहा द्या, मोठी अक्कलवाली हाय." माझ्याकडे बघून म्हणाली, "कुणावर गेली कुणास ठाऊक." या बाईशी माझी पंचवीस वर्षांची मैत्री आहे, आणि ती अशी आहे.

२४ सप्टेंबर

चालतंय! त्या वायूंतले शंभरातले साठ विटेत मरतात. मला आकडे नकोतच. जनरेटर चालू असताना मी खिडकी उघडी ठेवून भाकरी केली आणि डोळ्यांतून एक थेंब आला नाही. भामाबाई भांडी घासता घासता म्हणाली, "आज धूर उपाशी हाय जणू."

रुचिकाच्या सरांचा फोन आला. दिवाळीपर्यंत असंच चाललं तर हा तिच्या प्रबंधाचा शेवटचा भाग होईल, आणि तो झाला की पदवी. तिने मला मिठी मारली. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेस मिठी मारायच्या नाहीत, फक्त मान हलवायच्या. मला तेवढंच जमतं. मी मान हलवली.

३० सप्टेंबर

रुचिका दसऱ्याला घरी बीडला गेली. वीट वजन करायला काढली होती. परत आल्यावर बसवेन म्हणाली आणि डबा माझ्याकडे ठेवला.

"खरं तर डबा मी सोडायचाच नसतो, आजी. सरांचा नियम आहे. पण बसच्या गर्दीत फुटली तर? तुमच्याशिवाय कुणाकडे ठेवू? फक्त हात लावू नका."

हात लावू नका म्हणे. मी काय रांगतं लेकरू आहे?

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

घरातली सगळी हत्यारं काढली. कात्री, विळी, अडकित्ता, मिक्सर, आणि माझा जुना हेडसेट. निवृत्तीच्या दिवशी मी तो मागून घेतला होता. दर खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागतं. त्याच्यावर आमचं पोट चाललं.

मग वाटलं, रुचिकाचं हत्यार का उपाशी ठेवायचं? डबा उघडला आणि जीव कळवळला. बिचारी वीट काळी ठिक्कर पडली होती. आत चांदी आणि वर ही काजळी! आमच्या घरात गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी आईने कधी एक दिवस काळी राहू दिली नाही. चिंचेच्या कोळात भिजवायची, विभूतीने घासायची, की आरशासारखी. तेच केलं. भोकांत दातांचा जुना ब्रश फिरवला. भामाबाईने पाणी घातलं. उन्हात वाळवली तर काय पांढरीशुभ्र दिसत होती! फूल वाहिलं. पोरगी बघून खूश होईल.

दुपारी तिचाच फोन. यायला दोन दिवस उशीर होतोय, तोवर फराजला वीट बसवायला सांगा, चाचणीत खंड नको. फराज कापडात गुंडाळून घेऊन गेला. धुतल्याचं सांगायचं राहून गेलं. असो. स्वच्छ केलेल्या वस्तूची काय जाहिरात करायची.

५ ऑक्टोबर

रुचिका आल्यापासून जेवली नाही. साठ सोडा, शंभरातले दहाही मरत नाहीत. तिने डिझेलचे थेंब कमीजास्त करून पाहिले, नळी साफ केली, मोजायचं यंत्र दुसऱ्या यंत्राशी ताडून पाहिलं. वीट बाहेर काढून बघितली, ती पुन्हा काळी झालेली. "काजळी असतेच, आजी. तापली की जळून जाते. ती अडचण नाही. काहीतरी विष लागलंय तिला." तिचे सर फोनवर म्हणाले, इंधन तपासा, भेसळ असेल.

भेसळ! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फराज प्लास्टिकच्या कॅनमधून डिझेल आणतो हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. इतक्या साध्या पोरीच्या कामात माती कालवली. सोडणार नाही.

७ ऑक्टोबर, बाजार

खाजामियाँ गाडा लावून बसले होते. सीताफळांची रास, भोवती गिऱ्हाइकं, दिंद्रुडचे दोन व्यापारीही. मी सरळ विचारलं, "खाजामियाँ, डिझेलमध्ये काय मिसळता?"

त्यांना आधी थट्टा वाटली. "आक्का, गुलाबपाणी."

"हसू नका. त्या पोरीचं वर्षाचं काम तुमच्या भेसळीनं बुडालं."

माझा आवाज लांब जातो. एक्स्चेंजमध्ये त्याबद्दल नाव होतं. शेजारच्या गाड्यावरचा म्हाळू मोजता मोजता थांबला. खाजामियाँच्या हातातलं फळ हातातच राहिलं.

"आमी कावून भेसळ करू, आक्का? पंपावरनंच आणतो. पोराला विचारा."

"चोर काय विचारल्यावर सांगतो?"

चोर हा शब्द मी वापरला. वापरायला नको होता. पण ज्याची चूक त्याला बोललंच पाहिजे, असंच आम्हाला शिकवलंय.

१० ऑक्टोबर

दिवाळीची चांदी आजपासून काढली. भामाबाई चिंच भिजवत बसली होती. मध्येच म्हणाली, "ती भोकांची वीट बी आणायची का घासाय? मागं लई राख अडकलती तिच्यात. कितीबी पाणी घातलं तरी निघंना."

मी म्हटलं, तू तुझं काम कर.

विभूती पवित्र असते. तिने काही बिघडत नाही.

११ ऑक्टोबर

काही विशेष नाही.

१२ ऑक्टोबर

रुचिकाला सहज विचारल्यासारखं विचारलं, विटेला कशाकशाने विष लागतं गं? ती म्हणाली, डिझेलमधल्या गंधकाने. इंजिनच्या तेलाने. "आणि क्षार, आजी. राखेतले क्षार तर सगळ्यात वाईट. वर बसले की खालचं काहीच काम करत नाही."

"आणि आंबट काही लागलं तर?"

"आंबटानं तर चांदीच धुऊन जाईल. पण धुराड्यात आंबट कुठून येणार?" ती हसली. आठवड्यात पहिल्यांदा हसली, आणि मी तिच्याबरोबर हसले.

मग तिने सांगितलं की सरांनी मार्ग काढलाय. खेड्यातल्या भेसळीच्या इंधनाने वीट कशी मरते, हाही निष्कर्षच आहे. तसं लिहायचं. पदवी थांबणार नाही. पोरीच्या तोंडावर रंग परत आला.

म्हणजे मी गप्प बसले तर सगळं ठीक होतं. एका माणसाचं सोडून.

१४ ऑक्टोबर

बीडहून आइस्क्रीमवाला दरवर्षी खाजामियाँचा सगळा गर उचलतो. यंदा तो आला नाही. म्हाळू भामाबाईला म्हणाला, आणि भामाबाईने मला सांगितलं: "लोकं म्हनत्यात, डिझेलात मिसळतो तो गरात पानी घालीत न्हाई कशावरनं? आक्का सोता बोलल्या म्हनं."

आक्का स्वतः बोलल्या.

संध्याकाळी फराज दारात आला. कापडात वीट. "अब्बांनी दिलीय. म्हणाले, आक्काची चांदी आक्काला." बसला नाही. पाणीही घेतलं नाही. मी दार लावून वीट उजेडात धरली. भोकांच्या कडांना करडा, भाजून घट्ट झालेला थर होता. नखाने खरवडला तर निघेना. एका कडेला चांदीचा बारीकसा ठिपका चमकत होता. दिसायला लागली तर बिघडली.

रुचिका चार दिवसांसाठी सरांकडे गेली आहे, तो निष्कर्ष लिहायला.

१५ ऑक्टोबर

लाईट गेली. जनरेटर सुरू झाला. मी सवयीने खिडकी लावायला उठले आणि थांबले. धूर नाही. वास नाही. वीट तर माझ्या कपाटात आहे. डोकावून पाहिलं तर धुराडं पलीकडे वळवलेलं, त्यांच्याच अंगणात.

वर्षभर अर्ज करून जे मिळालं नाही ते एका शब्दात मिळालं.

हवा इतकी स्वच्छ आहे की पलीकडचा खोकला नीट ऐकू येतो.

१७ ऑक्टोबर

रहेमतबी गर काढायला अंगणातच बसते, कारण बाया तिथेच बसतात, आणि दम्याचा पंप ओढून पुन्हा बसते. दरवर्षी सीताफळाची पहिली पाटी माझ्याकडे येते. यंदा हंगाम निम्मा सरला, पाटी आली नाही. मी ती वाट बघत होते हे मला आज कळलं.

शाळेत शनिवारी ख्रिस्ती मुली एकेक करून चॅपलमधल्या लाकडी कपाटात जायच्या, फादरना आपली पापं सांगायच्या आणि हलक्या होऊन बाहेर यायच्या. आम्ही लिंगायत मुली बाहेर चिंचेखाली बसून त्यांची चेष्टा करायचो. हेवाही वाटायचा. जाळीच्या पलीकडे कोण आहे हे दिसत नाही, आवाज बाहेर जात नाही. माझी जी चूक आहे तिला असली जाळी चालणार नाही. ती मी बाजारात केली.

पण रुचिकाचं काय? तिने नियम मोडून डबा माझ्याकडे ठेवला. मी तोंड उघडलं की तिचे सर पहिलं तेच विचारतील. चूक माझी आणि वर्ष तिचं. शेजाऱ्याचं नाव वाचवायला नातीची पदवी पणाला लावायची, हा कुठला न्याय? दोन दिवस हाच प्रश्न घोळवतेय. आणि मला चांगलं माहीत आहे की हा प्रश्न मला आवडतो, कारण तो सुटेपर्यंत गप्प बसता येतं.

१८ ऑक्टोबर

रुचिका परत आली. चहा झाल्यावर वीट तिच्यासमोर ठेवली आणि सांगितलं. चिंच, विभूती, ब्रश, फूल, सगळं.

तिने आधी वीट पाहिली, मग माझ्याकडे. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती," म्हणाली.

"हो."

"आणि खाजामियाँना तुम्ही भर बाजारात..." मग हळूच म्हणाली, "कळल्यावर सर मला ठेवतील की नाही माहीत नाही. बारा तारखेला तुम्ही आंबटाचं विचारलं होतं. तेव्हा माहीत होतं ना?"

"होतं."

"आणि हसलात."

तिने बॅग भरली. जाताना पाया पडली, सवयीने. मला आशीर्वाद सुचला नाही.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन, बाजार

दिवाळीचा बाजार, पाय ठेवायला जागा नव्हती. खाजामियाँच्या गाड्यावर मात्र माणूस नव्हता. फळं पिकून फुटायला आली होती. मी समोर जाऊन उभी राहिले. घरून चार वाक्यं ठरवून नेली होती, त्यांतलं एकही तोंडात आलं नाही.

"खाजामियाँ, वीट मी बिघडवली. चिंचेनं धुतली, विभूतीनं घासली. तुमच्या डिझेलमध्ये काही नव्हतं. मी खोटं बोलले."

ते फळांवरच्या माश्या वारत राहिले. मग म्हणाले, "आक्का, त्या दिवशी लई वरच्या आवाजात बोललता. आज कावून इतकं हळू? म्हाळूला बी ऐकू गेलं न्हाई."

म्हाळू पलीकडून म्हणाला, "न्हाई गेलं."

सत्तरीच्या बाईला यापेक्षा साधी शिक्षा देता आली असती. मी मागे वळले, बाजाराकडे तोंड केलं, आणि ज्या आवाजात कधी मुंबईची लाईन मागायची त्या आवाजात सगळं पुन्हा सांगितलं. चोर हा शब्दसुद्धा परत घेतला, त्याचा उच्चार करून. पणत्या घेणाऱ्या बाया वळून बघायला लागल्या. एक पोरटं हसलं. माझ्याबरोबर आलेल्या भामाबाईने मान खाली घातली, आणि मग, देव तिचं भलं करो, वर केली आणि म्हणाली, "पानी मीच घातलं हुतं."

खाजामियाँनी डोळे पुसले की कपाळ, कळलं नाही. "बास," म्हणाले. "आता जावा. ऊन हाय."

माफ केलं असं काही म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. पण आणखी एक गोष्ट मागितली. धुराडं पूर्वीसारखं माझ्याकडे वळवा.

"तुमाला धूर होईल."

"म्हणूनच."

२५ ऑक्टोबर

रुचिकाचा फोन. नमस्कार नाही, आक्काआजीही नाही. "सर विचारतायत, चिंच किती घेतली होती?"

"लिंबाएवढी."

"किती वेळ भिजवली? विभूती शेणाची की विकतची?"

मी सांगत गेले, ती लिहून घेत गेली. सरांनी तिला काढलेलं नाही. भेसळीचा निष्कर्ष मात्र खोडला. पदवी यंदा नाही, पुढच्या हंगामात नवी वीट बनवून पुन्हा सगळं पहिल्यापासून. "ती वीट टाकू नका," म्हणाली. मग म्हणाली, "आणि धुऊ नका." हे हसत म्हणाली की नाही, ते मला इतकी वर्षं फोन ऐकूनसुद्धा ओळखता आलं नाही.

आइस्क्रीमवाला अजून आलेला नाही.

दुपारी लाईट गेली. जनरेटर सुरू झाला आणि धूर सरळ स्वयंपाकघरात आला. डोळे चुरचुरले. भिंतीपलीकडे बाया बोलत होत्या, चाकू वाजत होते, खोकला नव्हता. थोड्या वेळाने मलाच जोराची उबळ आली.

"आक्का," पलीकडून रहेमतबीचा आवाज आला, "खिडकी लावा की."

"राहू दे."

मी तव्यावर दुसरी भाकरी टाकली. तिला डिझेलचा वास येत होता. खाल्ली.